बडे दादांचा फॉर्म

मागच्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभावाने एक फोटो टाकला. फोटो बडे दादांचा, म्हणजे माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचा. डोक्यावर फौजी टोपी, गालफडं बसलेली, डोळे कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. खाली तिरंगी अक्षरांत लिहिलं होतं, ‘नेताजींचे सैनिक, आमचे बडे दादा.’ पाच मिनिटांत चाळीस-एक ‘माशाअल्लाह’ आले. माझ्या बहिणीने लिहिलं की भाचा आठवीत आहे, शाळेत १५ ऑगस्टला त्याला भाषण करायचंय, तर हाच विषय द्यावा.

मी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. कारण बडे दादा नेताजींच्या फौजेत नव्हते. ग्रुपमध्ये ही गोष्ट ठाऊक असलेली आता दोनच माणसं, मी आणि फुफी. अर्ध्या तासाने फुफीचा फोन आला. ‘सलाम’ वगैरे काही नाही, थेट म्हणाली, “तू काही लिहू नकोस. आजकाल आपल्याला असलं काही हाताशी लागतं.”

तिचं म्हणणं खोटं नाही. जुन्या नाशकात, दूधबाजाराच्या मागच्या गल्लीत माझं लहानपण गेलं. तेव्हा कोणी आम्हाला विचारत नव्हतं की तुमचे वाडवडील स्वातंत्र्याच्या लढ्यात कुठे होते. आता विचारतात. कधी सरळ, कधी हसत हसत. मग आपण यादी म्हणून दाखवतो. लाल किल्ल्याच्या खटल्यातले शाहनवाज खान. नेताजींबरोबर पाणबुडीतून आलेले आबिद हसन, ‘जय हिंद’ हा शब्द ज्यांच्या नावावर सांगतात ते. ज्यांना शिक्षा झाली म्हणून फेब्रुवारी १९४६ मध्ये कलकत्ता पेटलं ते कॅप्टन अब्दुल रशीद. यादी खरी आहे, अभिमानाची आहे. पण ती रेशनकार्डासारखी खिशात घेऊन फिरावं लागतं याचा मला कंटाळा येतो. आणि त्या यादीत घरचं एक नाव खोटं घालायचं म्हणजे तर बाकीच्या खऱ्या नावांनाही डाग.

बडे दादांची गोष्ट मला अब्बांकडून कळली, तीही जर्मन वैमानिकांच्या निमित्ताने. अब्बा ओझरच्या एचएएलमध्ये फिटर होते. साठच्या दशकात तो कारखाना मिग-२१ विमानांसाठी उभा राहिला आणि सोव्हिएत इंजिनिअर तिथे येऊन राहू लागले. अब्बांना कामापुरती तुटकी रशियन येत असे. विमान म्हणजे रशियन, हे आमच्या घरात ठरलेलं. त्यामुळे कॉलेजात असताना मी एरिक हार्टमानबद्दलचं एक पुस्तक घरी आणलं तेव्हा अब्बांनी चष्मा लावून ते चाळलं आणि विचारलं, “हा किती रशियन विमानं पाडल्याचं सांगतो?”

३५२. त्यातली बहुतेक सोव्हिएत. आजवर कोणत्याही वैमानिकाच्या नावावर एवढी विमानं नाहीत. मे १९४५ मध्ये हा हार्टमान अमेरिकनांना शरण गेला आणि अमेरिकनांनी त्याला त्याच्या तुकडीसकट सोव्हिएतांच्या ताब्यात दिलं. पुढची दहा वर्षं छावण्यांत. आमच्यासोबत या, आमच्यासाठी बोला, असं त्याला सांगितलं गेलं. त्याने ऐकलं नाही, उपोषणं केली, एकांत कोठडी भोगली. तो कैदेत असताना त्याचा मुलगा जन्मला आणि बापाने तोंड बघायच्या आत लहानपणीच वारला. १९५५ मध्ये जर्मन चान्सलर आडेनाउअर मॉस्कोला गेले, त्यानंतर उरलेले कैदी सुटले, त्यांत हाही सुटला. पश्चिम जर्मनीच्या नव्या हवाई दलाने त्याला पुन्हा घेतलं.

त्याच तुकडीचा कमांडर हेर्मान ग्राफ. याच्या नावावर २१२ विमानं. पकडला गेला तोही तसाच. पण याने सोव्हिएतांशी जुळवून घेतलं असं सोबतचे कैदी म्हणू लागले. १९४९ च्या अखेरीस तो सुटला, हार्टमानच्या जवळपास सहा वर्षं आधी. घरी आला तो गद्दार होऊनच. सोबतच्या एका वैमानिकाने पुस्तक लिहून त्याच्यावर जाहीर आरोप केले, जुने मित्र दूर झाले. ग्राफने नेमकं केलं काय, यावर इतिहास लिहिणारे अजून वाद घालतात. कोणाला पकडून दिल्याचं सिद्ध नाही. बहुधा एवढंच की लढाई हरलोय हे त्याने मान्य केलं आणि ज्याच्या हातात भाकर होती त्याच्याशी भांडला नाही.

एकोणीस वर्षांच्या मला अर्थातच हार्टमान हिरो वाटला. मी तावातावाने अब्बांना सांगत होतो की माणूस असावा तर असा. अब्बा पुस्तक मिटून म्हणाले, “तुझे बडे दादापण साडेतीन वर्षं कैदेत होते. ते यातले कोण, सांग बरं?”

मी म्हणालो, ते तर नेताजींकडे गेले ना. अब्बा म्हणाले, “नाही गेले.”

आता सिंगापूर. १५ फेब्रुवारी १९४२ ला इंग्रजांनी तिथे शरणागती पत्करली. १७ तारखेला फेरर पार्क नावाच्या मैदानावर हिंदुस्थानी सैनिकांना वेगळं बसवलं. आकडे वेगवेगळे सांगितले जातात, पण ४० हजारांच्या आसपास माणूस. एका इंग्रज कर्नलने त्यांना जपान्यांच्या हवाली केलं आणि तो निघून गेला. जपानी मेजर फुजिवारा जपानीत बोलला, त्याचं इंग्रजी झालं, इंग्रजीचं हिंदुस्थानी झालं. मग कॅप्टन मोहनसिंग बोलले. आझाद हिंद फौजेत कोण येणार? मैदानभर हात वर झाले.

बडे दादा त्या मैदानात होते. सप्लाय कोअरमध्ये लॉरी ड्रायव्हर. त्यांनी अब्बांना सांगितलं होतं की ते बरेच मागे बसले होते, भाषणातलं निम्मं ऐकूच आलं नाही, घसा सुकला होता. पुढच्यांनी हात वर केले म्हणून यांनीही केला. हात वर केला हे खरं. नंतर छावणीत नावं लिहून घ्यायची सकाळ उजाडली. त्यांच्या शेजारी निफाडकडचा एक मराठा पोरगा होता, त्यांच्याच युनिटचा, हगवणीने आडवा झालेला. बडे दादा नळावर त्याचे कपडे धूत होते. परत आले तोवर नावं लिहिणारे निघून गेले होते.

एवढंच. ‘नमक’ नाही, बादशहा नाही, मजहब नाही. एका माणसाची घाण झालेली चड्डी.

मी अब्बांना विचारलं, पुन्हा कोणी विचारलं नाही? विचारलं की. पुढच्या वर्षी नेताजी आल्यावर तर चांगलंच विचारलं. त्या वेळी बडे दादांनी स्वतःहून नाही म्हटलं. कारण विचारल्यावर ते म्हणाले होते, अम्मीला दरमहा पैसे जात होते, नाव लिहिलं की ते बंद होतील असं वाटलं. आणि जरा वेळाने म्हणाले होते, तो निफाडचा पोरगा तोवर मेला होता, मग एकट्याने जायची इच्छा राहिली नाही. दोन्ही कारणं त्यांनी एकाच दमात सांगितली. यातलं खरं कोणतं हे अब्बांनी विचारलं नाही, मीही विचारणार नाही.

जे गेले नाहीत त्यांतल्या हजारोंना जपान्यांनी जहाजांत कोंबून दक्षिणेकडे, न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनच्या बेटांवर मजुरीला नेलं. बडे दादा न्यू गिनीत होते. तिथलं ते बोलत नसत. घरात रताळं शिजलं की उठून बाहेर जात, एवढंच आम्हाला माहीत. १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन फौजेने सोडवलं तेव्हा दोघांनी धरून चालवावं लागत होतं म्हणे.

याच सिंगापूरच्या कैद्यांत दोन मराठी अधिकारी होते, आणि माझ्या डोक्यात हार्टमान-ग्राफच्या जागी आता तेच येतात. एक जगन्नाथराव भोसले, सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे, मराठा रेजिमेंटमधून आलेले. ते आझाद हिंद फौजेत गेले आणि तिचे चीफ ऑफ स्टाफ झाले. दुसरे कॅप्टन धारगळकर, थर्ड कॅव्हलरीचे. यांनी नकार दिला. त्यांना आणि त्यांच्याच रेजिमेंटच्या हरी बधवार यांना जपान्यांनी पिंजऱ्यात कोंडलं, तेही कित्येक आठवडे, अशा पिंजऱ्यात की धड उभं राहता येऊ नये. पुढे लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला चालला तेव्हा हेच धारगळकर सरकारपक्षाचे साक्षीदार होते. आज तो खटला म्हटलं की आपल्याला भुलाभाई देसाई आठवतात, वकिलाचा झगा पुन्हा चढवलेले नेहरू आठवतात. पलीकडच्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एक मराठी नावाचा माणूस उभा होता आणि तो खोटं बोलत नव्हता, हे कुणाला आठवत नाही. देशभर ‘लाल किल्ले से आई आवाज’चा गजर चाललेला असताना तिथे उभं राहायलाही छाती लागली असेल.

शाहनवाज खानांचंही बघा. रावळपिंडीकडचे, घराणंच फौजी. त्यांनी कोर्टात सांगितलं की सुरुवातीला ते या फौजेच्या विरोधातच होते. नंतर आत शिरले ते आतून अडवावं म्हणून, आणि नेताजी भेटल्यावर मन बदललं. म्हणजे एकाच माणसाने दोन वर्षांत ‘नाही’, ‘खोटं हो’ आणि ‘खरं हो’ असं तिन्ही म्हटलं. आम्ही यादीत नाव घेतो तेव्हा फक्त शेवटचं ‘हो’ घेतो.

निकाल लागला, जन्मठेप झाली, आणि ३ जानेवारी १९४६ ला सरसेनापती ऑकिन्लेकने ती माफ केली. लोकांपुढे इलाज नव्हता. पण खरी गंमत स्वातंत्र्यानंतरची. स्वतंत्र भारताने आझाद हिंद फौजेच्या माणसांना सैन्यात परत घेतलं नाही. शिस्त मोडलेली चालत नाही, हा जुनाच नियम राहिला. नकार देणारे धारगळकर भारतीय सैन्यात लेफ्टनंट जनरलपर्यंत चढले. आणि होकार देणारे भोसले? ते लोकसभेवर निवडून आले, निर्वासितांच्या पुनर्वसनाचे उपमंत्री झाले, मुलांसाठी शिस्तीची राष्ट्रीय योजना त्यांनीच सुरू केली. शाहनवाज खानही फाळणीनंतर इकडेच राहिले, मेरठहून खासदार झाले. एकाला वर्दी, दुसऱ्याला खुर्ची, आणि दोघांना सलाम. काटेकोर माणसाला हा गोलमाल वाटेल. मला वाटतो तो या देशाने केलेल्या शहाण्या गोष्टींपैकी एक.

जर्मनांना ते जमलं नाही. तिथे जनरल सायडलिट्झ नावाचा एक माणूस होता, स्टालिनग्राडला पकडला गेलेला. कैदेत असताना जर्मन अधिकाऱ्यांची हिटलरविरोधी संघटना त्याने चालवली. हिटलरच्या कोर्टाने त्याला गैरहजेरीत मृत्युदंड दिला, बायका-पोरांना धरलं. युद्ध संपलं, आणि १९५० मध्ये ज्यांना मदत केली त्या सोव्हिएतांनीही त्याला मृत्युदंड सुनावला, मग तो कमी करून २५ वर्षं केली. सुटून घरी गेला तर शेजारी बोलेनात. बिस्मार्कचा पणतू आइनसीडेल हा तरुण वैमानिकही तसाच. ऑगस्ट १९४२ मध्ये पकडला गेला, जुलै १९४३ मध्ये मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्कला कैद्यांची राष्ट्रीय समिती स्थापन झाली तिचा उपाध्यक्ष झाला, आघाडीवर टाकायची पत्रकं लिहिली. हिटलरच्या विरुद्ध पत्रक लिहिणं ही गद्दारी कशी, असं आज आपण म्हणू. पण ती पत्रकं छापत होता स्टालिन, हेही विसरता येत नाही. तसं तर नेताजींच्या फौजेमागे उभे असलेले जपानी काही फरिश्ते नव्हते. त्याच सिंगापुरात त्यांनी चिनी माणसांना वेचून वेचून मारलं, अंदमानात आपल्याच लोकांचा छळ केला. कैद्याला मालक निवडता येत नाही. फार तर कोणाकडे पाठ करायची ते ठरवता येतं.

देवळालीचं एक सांगायचं राहिलं. १९४१ मध्ये काही महिने तिथे जर्मन नजरकैदी होते. हिंदुस्थानात सापडलेले व्यापारी, पाद्री, इंजिनिअर, आधी अहमदनगरला ठेवलेले. ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’वाला गिर्यारोहक हाइनरिश हारर त्यांच्यातच होता, नंतर ते सगळे डेहराडूनला गेले. नाझी आणि हिटलरपासून पळून आलेले ज्यू एकाच तारेच्या आत. त्या वर्षीच्या पावसाळ्यात बडे दादा देवळालीला जहाजाची वाट बघत पडून होते. तारेपलीकडे एक गोरा बादलीत कपडे धुताना त्यांनी बघितला आणि सोबतच्यांबरोबर खदाखदा हसले. गोरा कैदी, आणि तोही धोबीकाम करतोय! हे मात्र ते रंगवून सांगत. पुढचं वर्ष कसं उजाडलं ते सांगत नसत.

हिंदुस्थानात परत आल्यावर सुटलेल्या कैद्यांची चौकशी झाली आणि इंग्रजांनी त्यांचे तीन रंग पाडले. पांढरे म्हणजे निष्ठावान, करडे म्हणजे बहकलेले, काळे म्हणजे पक्के बागी. बडे दादा पांढरे निघाले. १९४६ च्या सुरुवातीला ते नाशिकरोड स्टेशनवर उतरले तेव्हा देशभर ‘जय हिंद’ची हवा. सिंगापूरहून पोरगा परत येतोय एवढंच गल्लीला कळलेलं. हार घेऊन पन्नास माणसं हजर, टांगा सजवलेला. अंगावर मांस नाही, पायावर जखमा. कोणी विचारलंच नाही. हार गळ्यात पडला, मिरवणूक भद्रकालीपर्यंत आली. त्या क्षणी एखाद्या माणसाने काय म्हणायचं? थांबा, मी पांढरा आहे?

ते म्हणाले नाहीत. पुढची सव्वीस वर्षं म्हणाले नाहीत. ट्रकवर ड्रायव्हरकी केली, लासलगावचा कांदा मुंबईला पोचवला, आणि मोहल्ल्यात ‘नेताजीवाले’ म्हणून सलाम घेतले.

मग १९७२ आलं. स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली म्हणून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन लावलं, महिना २०० रुपये, त्यात आझाद हिंद फौजेची माणसंही होती. गल्लीतलेच एक ओळखीचे गृहस्थ फॉर्म घेऊन आले. सोबतच्या कैद्याचा दाखला लागतो तोही आणतो म्हणाले, तुम्ही फक्त सही करा. अब्बा तेव्हा चोवीस वर्षांचे, घरात इंग्रजी वाचणारे तेच, म्हणून फॉर्म भरायला बसवलेले. नाव लिहिलं, वल्दियत लिहिली, सिंगापूर लिहिलं. पुढच्या रकान्यापाशी बडे दादांनी अब्बांच्या हातावर हात ठेवला. म्हणाले, “यह नको लिखू बेटा. तोंडाने मी कधी बोललो नाही. हाताने कसं लिहू?”

छताचे पत्रे गळत होते. बडी दादी तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ते पांढरे होते हे अब्बांना, दादांना आणि दादीला त्या रात्री कळलं. फुफी दाराआड उभी होती.

दादीनेच म्हणे शेवटी दोघांचं भांडण मिटवलं. तिला दीनचे किस्से पाठ होते. तिने बडी दादीला हजरत बिलालची आठवण दिली, छातीवर दगड ठेवला तरी जे एकच शब्द बोलत राहिले. आणि लगेच हजरत अम्मारची. आई-बाप डोळ्यांदेखत छळले गेले, आणि यातनेत ते समोरच्यांना हवं ते बोलून बसले. रडत हुजूरांकडे आले, तर हुजूरांनी त्यांना झिडकारलं नाही, मनात काय होतं ते विचारलं. “दोघांची नावं आपण अदबीनेच घेतो ना?” दादी म्हणाली. बडी दादी म्हणाली, “माझं छप्पर गळतंय, त्याचं काय?” यावर कोणाकडे किस्सा नव्हता. अब्बांनी ओझरच्या पगारातून दोन महिन्यांनी पत्रे घातले.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. फुफीचा फोन ठेवल्यावर दोन दिवस विचार करून सांगितलं. तेरा वर्षांचं पोर, ऐकत राहिलं. म्हणाला, “मामू, मग ते हरले का?” मी म्हटलं, तुला जे वाटतं ते लिही, फक्त जे नव्हतं ते लिहू नको. त्याने स्वतः लिहिलं. हगवणीचा शब्द शाळेत चालेल का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, आजारी म्हण.

१५ ऑगस्टला मी गेलो होतो, मागच्या रांगेत उभा. तो चांगला बोलला. आझाद हिंद फौजेबद्दल बोलला, भोसल्यांचं आणि शाहनवाज खानांचं नाव घेतलं, धारगळकरांचंही घेतलं. मग म्हणाला की आमचे बडे दादा त्या फौजेत नव्हते, त्यांनी हात वर केला होता पण मित्र आजारी होता म्हणून नाव लिहायचं राहिलं, आणि नंतर त्यांनी खोटं पेन्शन घेतलं नाही. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइक घेतला आणि भरल्या गळ्याने म्हणाल्या की नेताजींच्या सैनिकाच्या पणतूने आज आपल्या सगळ्यांच्या अंगावर काटा आणला. पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा मोठ्या. कोणीतरी त्याच्या गळ्यात हार घातला.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी काय खूण करणार? गेटबाहेर आल्यावर त्याने हार काढून माझ्या हातात दिला आणि विचारलं, “मामू, मी नीट बोललो नाही का?”

नीटच बोलला होता. रात्री फुफीचा फोन आला. भाषणाचा व्हिडिओ तिने तीनदा बघितला होता. म्हणाली, “पोराने पेन्शनचं सांगितलं ते बरं झालं. पत्र्यांचं सांगायला हवं होतं.”